आगाऊ फी कोणाची?

भाचीची प्रशिक्षण संस्था बंद होत असल्याचा ईमेल शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला आला. अशी पत्रं शुक्रवारीच का येतात हे कळायला मला दोन दिवस लागले. शनिवार-रविवार फोन नुसता वाजत राहतो, उचलायला कोणी नसतं, आणि सोमवारपर्यंत लोकांचा पहिला संताप एकमेकांवरच ओतून झालेला असतो. भाचीने तो ईमेल मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "मामा, यात रिफंडचं काहीच नाहीये. तू बघ ना जरा." मी बघितलं. संस्थेचा प्रवास, शिक्षकांचे आभार, बाजारातली परिस्थिती, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: आपल्या शंकांचं निरसन यथावकाश केलं जाईल. कोर्स नऊ महिन्यांचा, चौथा महिना चालू, आणि फी पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेली. एकरकमी भरली तर २० टक्के सूट होती ना!

रविवारी रात्री पोर्टलही बंद झालं. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, तपासून आलेल्या असाइनमेंट, हजेरी, सगळं त्यातच. तिने शनिवारी बसून पावतीचे, वेळापत्रकाचे आणि हजेरीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, म्हणून निदान तेवढा पुरावा हातात राहिला. बॅचच्या ग्रुपवर तोवर 'आपण सगळे मिळून केस करू'पासून सुरुवात होऊन गाडी 'मला एकाचा फोन आला, तो दहा टक्के आधी घेऊन रिफंड काढून देतो म्हणतोय' इथपर्यंत पोचली होती. हा शेवटचा इसम अशा ग्रुपवर हमखास उगवतो. विद्यार्थ्यांचे नंबर त्याला कुठून मिळतात कोण जाणे. बुडालेल्यांना पुन्हा बुडवणं हाही एक धंदाच झाला आहे.

या सगळ्या गदारोळात प्रश्न एकच असतो: पैसे परत कसे मिळवायचे? माझं म्हणणं असं आहे की तोवर हा प्रश्न शिळा झालेला असतो. ज्या दिवशी फी भरली त्या दिवशीच त्याचं उत्तर ठरून गेलेलं असतं, फक्त ते आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. संस्थेने शिकवायचं थांबवलं तर उरलेल्या शिकवण्याचे पैसे परत मागायचा हक्क विद्यार्थ्याला आहे, यावर वाद घालणारा कायदा शोधून सापडणार नाही. हक्क आहेच. पण तो ज्याच्याकडून वसूल करायचा त्याच्या खिशात हात घातला तर फक्त अस्तर हाताला लागतं.

कंपनी दिवाळखोरीत गेली की तिच्याकडे जे काही उरलं असेल ते लिक्विडेटर विकतो आणि येणेकऱ्यांमध्ये वाटतो. ही वाटणी सरसकट नसते, ती रांगेने होते. क्रम देशागणिक थोडाफार बदलतो, पण ढाचा तोच. प्रक्रियेचा खर्च आणि तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका पुढे. कामगारांचे थकलेले पगार आणि बऱ्याच ठिकाणी सरकारी करही त्यांच्या आसपास. उरलंच काही, तर ते बिनतारणी येणेकऱ्यांचं. विद्यार्थी इथे उभा असतो, छपाईवाला, इंटरनेटवाला आणि जाहिरात कंपनी यांच्या खांद्याला खांदा लावून. प्रशिक्षण संस्थेकडे विकण्यासारखं असतं तरी काय? भाड्याची जागा, हप्त्यावर घेतलेले संगणक, काही खुर्च्या आणि एक नाव, जे त्या शुक्रवारनंतर कुणी फुकटही घेणार नाही.

छपाईवाल्याने उधारी दिली ती जाणूनबुजून. महिनाअखेरीस बिल, दोन महिन्यांत पैसे, बुडालेच तर तेवढं धरून त्याने दर लावलेला. विद्यार्थ्याला मात्र आपण कर्ज देतोय हे ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी त्याने कोर्स विकत घेतलेला असतो. खरं पाहता नऊ महिन्यांची फी पहिल्या दिवशी भरणं म्हणजे संस्थेला बिनतारण, बिनव्याजी कर्ज देणं, ज्याची परतफेड रोज थोडी थोडी शिकवण्याच्या रूपात व्हायची आहे. बिनव्याजी म्हटलं खरं, पण ते वीस टक्के? ते सूट नव्हेत, ते व्याज आहे. आणि बँक एखाद्या धंद्याला कर्ज देताना त्याचे तीन-तीन वर्षांचे ताळेबंद मागते, तिथे अठरा-वीस वर्षांची मुलं रंगीत माहितीपत्रक वाचून कर्ज देऊन मोकळी होतात.

गंमत अशी की हिशेब लिहिणाऱ्यांना हे सगळं पक्कं माहीत असतं. आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीतलं १५ क्रमांकाचं मानक २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार आगाऊ आलेली फी हे उत्पन्न धरतच नाहीत. जोवर शिकवून होत नाही तोवर ती ताळेबंदात देण्याच्या बाजूला, म्हणजे दायित्व म्हणून दाखवायची असते. शिकवलं तेवढं उत्पन्न. कागदावर चोख. पण बँक खात्यात मात्र तो पैसा इतर पैशांत मिसळून जातो, आणि पैशाला काही रंग नसतो. या बॅचच्या फीतून मागच्या बॅचच्या शिक्षकांचे पगार निघतात, पुढच्या बॅचच्या जाहिराती निघतात, नव्या शाखेचं डिपॉझिट भरलं जातं. प्रवेश येत राहिले तोवर चाक फिरतं. एका हंगामात प्रवेश तीस-चाळीस टक्क्यांनी घटले की लगेच कळतं, शिकवायचे महिने बाकी आहेत आणि त्यांचे पैसे संपलेत. यात मालक लबाड असलाच पाहिजे असंही नाही. मला वाटतं, बहुतेक वेळा तो लबाड नसतो. नुसता आशावादी असतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने परिणाम सारखाच.

जपानमधलं नोव्हाचं प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. इंग्रजी संभाषण शिकवणारी ती तिथली सर्वांत मोठी साखळी. धड्यांचे पॉइंट आगाऊ विकत घ्यायचे, जितके जास्त घ्याल तितका दर धड्याचा भाव कमी. लोक शेकड्यांनी पॉइंट घेत. मधेच सोडणाऱ्याचा परतावा काढताना मात्र संस्था झालेल्या धड्यांना चढा दर लावायची, म्हणजे हाती येणारी रक्कम आपोआप आटायची. हा हिशेब बेकायदा आहे असा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये दिला. जूनमध्ये सरकारने नव्या दीर्घ मुदतीच्या करारांवर सहा महिन्यांची बंदी घातली. ग्राहकाच्या बाजूने याहून ठाम काय व्हायचं राहिलं होतं? आणि ऑक्टोबरमध्ये कंपनी न्यायालयाच्या संरक्षणाला गेली. आगाऊ पैसे भरलेले काही लाख विद्यार्थी आणि पगार थकलेले हजारो शिक्षक एकाच वेळी रस्त्यावर आले. जेवणाच्या बदल्यात शिकवायला तयार असलेल्या परदेशी शिक्षकांच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. परताव्याचा हक्क देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करून दिला त्याच वर्षी परताव्याचा पैसा नाहीसा झाला होता.

म्हणून परताव्याचे नियम आणखी कडक करा, मुदत तीसवरून दहा दिवस करा, दंड वाढवा, या मागण्यांबद्दल मला फारसा उत्साह वाटत नाही. चालू संस्थेला त्यांचा धाक आहे, तो हवाच. बंद पडलेल्या संस्थेला कशाचा धाक? मागणी एकच आणि साधी असावी: आगाऊ फी शिकवून होईपर्यंत विद्यार्थ्याची ठेव मानावी, आणि ठेवीसारखी वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती असावी. जसजसं शिकवून होईल तसतशी ती संस्थेच्या खात्यात उतरेल.

हे काही स्वप्नरंजन नाही. न्यूझीलंडमध्ये खासगी प्रशिक्षण संस्थांना विद्यार्थ्यांची फी सुरक्षित ठेवण्याचं बंधन आहे, आणि त्याचा रुळलेला मार्ग हाच: पैसा ट्रस्टच्या खात्यात, कोर्स पुढे सरकेल तसा संस्थेला हप्त्याहप्त्याने. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी फी-संरक्षण सेवा उभी केली आणि पुढे ती देशातल्या काही विद्यार्थ्यांनाही लागू केली. संस्था बंद पडली तर १४ दिवसांत दुसरीकडे सोय करायची किंवा पैसे परत द्यायचे. संस्थेला ते जमलं नाही तर सेवा मधे पडते, आणि तिचा खर्च संस्थांकडून घेतलेल्या वर्गणीतून निघतो. सिंगापूरने खासगी शिक्षणसंस्थांना दर्जाचं प्रमाणपत्र देताना फी-संरक्षणाची अट घातली. चीनने २०१८ मध्ये शाळेबाहेरच्या शिकवण्यांना एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त फी घ्यायला मनाई केली. पण ती नुसती मनाईच होती, पैशावर लक्ष कुणाचं नव्हतं. संस्था सवलतींच्या नावाखाली वर्षा-वर्षाची फी घेतच राहिल्या, आणि २०२१ मध्ये बड्या शिकवण्या कोसळल्या तेव्हा परताव्यासाठी पालकांच्या रांगा लागल्या. त्यानंतर तिथे आगाऊ फी बँकेच्या देखरेखीखाली ठेवण्याचा नियम आला. कुलूप लावा म्हणून सांगून भागत नाही. किल्ली तिसऱ्याच्या हातात लागते.

दुसऱ्या धंद्यांनी तर हे केव्हाच मान्य केलं आहे. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, आणि बांधकाम किती झालं याचा दाखला घेऊनच ते काढता येतात. ब्रिटनमध्ये विमानाने जाणाऱ्या पॅकेज सहलींसाठी अ‍ॅटॉल योजना १९७३ पासून आहे. प्रवासी-कंपनी माणशी अडीच पौंड वर्गणी भरते. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या १ लाख ४० हजारांहून अधिक लोकांना विमानांनी घरी आणलं गेलं, ते बऱ्याच अंशी अशी यंत्रणा आधीपासून उभी होती म्हणून. आठ दिवसांच्या सहलीला हे कवच आहे. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला बहुतेक ठिकाणी नाही. का नाही, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो छोट्या संस्थांच्या वतीने, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. एक शिक्षक, एक भाड्याची खोली, पंधरा विद्यार्थी. त्याला पहिल्या दिवशी जागेचं डिपॉझिट भरायचं असतं, यंत्रं घ्यायची असतात. त्याची फी कुलपात ठेवली तर तो सुरूच करू शकणार नाही आणि बाजार बड्यांच्याच हातात जाईल. मुद्दा रास्त आहे. पण त्याला उपाय आहे आणि तो अवघड नाही: एका मर्यादेपर्यंतची आगाऊ रक्कम मोकळी सोडा, त्यापुढच्या रकमेला संरक्षणाची सक्ती करा. ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक प्रशिक्षणात २०१५ च्या मानकांनी ही रेघ १,५०० डॉलरवर ओढली होती. छोटा शिक्षक बहुधा महिन्याच्या महिन्यालाच फी घेतो, त्याला या नियमाने धक्का लागत नाही. धक्का लागतो तो दोन वर्षांचे पैसे एका दिवसात गोळा करून त्यावर शाखा उघडणाऱ्यांना. आणि जी संस्था पुढच्या बॅचच्या पैशाशिवाय या बॅचला शिकवू शकत नाही, ती आजच बुडालेली आहे. फक्त ईमेल यायचा बाकी आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त चीड आणतो: लोकांनी चौकशी करून पैसे भरायला नकोत का? करावी की. पण कशाची? ताळेबंद कुणी दाखवत नाही, दाखवला तर वाचता येत नाही, आणि वाचता आला तरी तो मागच्या वर्षाचा असतो. शिवाय इथे एक विचित्र सापळा आहे. संस्थेला रोकड कमी पडू लागली की ती काय करते? एकरकमी भरणाऱ्याला आणखी मोठी सूट देते. 'फक्त या आठवड्यापुरती', 'शेवटच्या दहा जागा', 'दोन वर्षांची भरा, तिसरं मोफत'. म्हणजे संकटाची खूण आणि स्वस्ताईची खूण हुबेहूब सारखी दिसते. सावध माणसालाही ती ओळखता येत नाही, आणि तंगीत असलेला, म्हणूनच सूट शोधणारा माणूस तर सगळ्यात आधी अडकतो.

आता कर्जाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. हल्ली महागडे कोर्स कर्जावर विकले जातात. संस्थेचाच सल्लागार अर्ज भरून देतो, वित्तसंस्था पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी संस्थेला देऊन मोकळी होते, आणि हप्ते विद्यार्थ्याच्या गळ्यात. संस्था बंद पडली तरी हप्ता चालूच, कारण कागदोपत्री करार वेगळा. घर बांधायला कर्ज देणारी बँक बांधकामाचा टप्पा पाहून पैसे सोडते. तेच शिक्षणाच्या कर्जात करायला हात कुणी धरलाय? तिमाहीला फी सोडली तर अर्धा प्रश्न एका फटक्यात सुटेल. त्याहून परिणामकारक म्हणजे वित्तसंस्थेलाच जबाबदार धरणं. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं ७५ वं कलम तेच करतं: १०० पौंडांहून जास्त आणि ३० हजार पौंडांपर्यंत किमतीची गोष्ट क्रेडिट कार्डवर घेतली, नि विकणाऱ्याने ती दिली नाही, तर कार्ड देणारी बँकही तितकीच जबाबदार. किमतीचा थोडासा भाग जरी कार्डाने भरला असला तरी पूर्ण रकमेचा दावा करता येतो. असं कलम असलं की कुठल्या संस्थेची तब्येत कशी आहे याची चौकशी बँक स्वतःच करते. तिला ताळेबंद वाचता येतो.

अमेरिकेत उलटा अनुभव आला. कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी साखळी एप्रिल २०१५ मध्ये उरल्यासुरल्या शाखांना टाळं लावून मोकळी झाली. तिथे शाळा बंद पडली तर सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होण्याची तरतूद आहे, पण अटी, मुदती आणि अर्जांच्या जंजाळात लोक वर्षानुवर्षं अडकले. शेवटी जून २०२२ मध्ये सरकारने ५ लाख ६० हजार जणांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज एकगठ्ठा माफ केलं. सात वर्षांनी! ती रक्कम करदात्यांच्या खिशातून गेली. आणि ज्यांनी कर्ज न काढता साठवलेले पैसे भरले होते, त्यांच्यासाठी या माफीत काहीच नव्हतं.

एक गोष्ट या सगळ्या हिशेबातून निसटते, ती सांगायलाच हवी. नऊपैकी चार महिने झाले, म्हणजे पाच नवमांश पैसे परत, असा सरळ त्रैराशिक मांडला जातो. अर्धवट प्रशिक्षणाला अर्धी किंमत नसते. वेल्डिंगच्या परीक्षेला बसायच्या आधीच कार्यशाळा बंद झाली तर आधीच्या महिन्यांचा उपयोग प्रमाणपत्राच्या दृष्टीने शून्य. दुसरी संस्था 'आमच्याकडे पहिल्यापासूनच करावं लागेल' म्हणते, कारण अभ्यासक्रम जुळत नाही किंवा झालेल्या शिक्षणाची नोंदच मिळत नाही. म्हणून फीइतकंच महत्त्व नोंदींना आहे. बंद पडणाऱ्या संस्थेने हजेरी, गुण, झालेले विषय यांची नोंद नियामकाकडे सोपवली पाहिजे; ऑस्ट्रेलियात व्यावसायिक प्रशिक्षण संस्थांवर असं बंधन आहे. भाचीच्या पोर्टलसारखं रविवारी रात्री सगळं अंधारात जाऊ देणं हा फी बुडवण्याइतकाच मोठा गुन्हा मानायला हवा. पैसा पुन्हा कमावता येतो. ते चार महिने कोण देणार?

तिच्या पैशांचं काय झालं, तेही सांगतो. नोंदणीची रक्कम तिने कार्डाने भरली होती. सेवा मिळालीच नाही असं बँकेला लेखी कळवून तिने चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम बँकेमार्फत परत, मागितला. ही कार्ड-कंपन्यांच्या नियमांतली सोय; तिला मुदत असते, बऱ्याचदा १२० दिवसांची, आणि वाट बघत बसलं तर ती हातची जाते. ग्रुपवर अनेक जण संस्थेचं उत्तर यथावकाश येईल म्हणून थांबले होते. तिची ती रक्कम सात आठवड्यांनी परत आली. उरलेली, म्हणजे बहुतांश फी, तिने थेट संस्थेच्या खात्यात ट्रान्सफर केली होती, कारण तसं केलं तरच सूट लागू होती. ट्रान्सफरला चार्जबॅक नाही. पावतीवर संस्थेच्या नावाऐवजी भलत्याच कंपनीचं नाव होतं, तेही आम्हाला तेव्हाच कळलं. दावा त्या नावाने करायचा होता.

लिक्विडेटरचा फॉर्म आला तो दोन पानी. एका दुपारी ती तो घेऊन माझ्याकडे बसली. धनकोचं नाव, म्हणजे तिचं स्वतःचं. देणं कशाबद्दलचं. रक्कम किती, तीही तारखेसकट. चौथ्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. "मामा, इथे तारण काय असं विचारलंय. तारण म्हणजे?"

"पैसे देताना त्याच्या बदल्यात तू त्यांचं काही ठेवून घेतलं होतंस का, असं विचारतायत."

"मी? त्यांनीच माझे दहावी-बारावीचे मूळ दाखले ठेवून घेतले होते. ते अजून त्यांच्याकडेच आहेत." मग तिने त्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि दाखल्यांबद्दल कुठे लिहायचं ते शोधायला फॉर्म उलटला. मागच्या बाजूला तसा रकाना नव्हता.